कॅज्युअल्टीतली ट्रॉली घरापर्यंत येते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: "इंदूरच्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीत सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी बायपासवरच्या अपघातातला आठ वर्षांचा मुलगा आला. चाळीस मिनिटं सीपीआर दिला, तरी गेला. तेव्हापासून माझ्या मुलाच्या शाळेच्या व्हॅनमागे रोज स्कूटरने जाते. झोप नाही. घरात सगळ्यांवर खेकसते. लहान मूल ट्रॉलीवर आलं की दुसऱ्या सिस्टरला पुढे करते. आठ दिवस रजा घेऊन माहेरी देवासला जाऊन आले, काही फरक नाही. अपघात माझा नव्हता, मूलही माझं नव्हतं. नवरा म्हणतो नोकरी सोड, सासूबाई म्हणतात मनावर घेऊ नकोस. मी कच्ची आहे का?"

वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस. मी स्वतः एकवीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली. नंतर सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा केला, आणि गेली नऊ वर्षं माझं मुख्य काम म्हणजे तुझ्यासारख्या सिस्टरांशी बोलणं.

तू कच्ची नाहीस. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. तुझ्या प्रश्नातल्या एकेका वाक्यात या त्रासाचं एकेक लक्षण आहे, आणि ते ओळखता येतं, मोजता येतं, त्यावर उपचारही आहेत.

"अपघात माझा नव्हता" हे जे तू लिहिलंस, तिथेच बहुतेक नर्सेस अडकतात. आपल्याला काही झालंच नाही तर त्रास कसला, असं म्हणून वर्षानुवर्षं गप्प राहतात. पण मनाला मार लागायला अपघात स्वतःचाच असावा लागत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. कामाच्या निमित्ताने दुसऱ्यांवरच्या आघातांचे भयंकर तपशील ज्यांच्यासमोर पुन्हापुन्हा येतात, त्यांनाही आघातोत्तर ताणाचा विकार होऊ शकतो, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यांनी दिलेली उदाहरणं म्हणजे मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे कर्मचारी आणि लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या हकिगती सतत ऐकणारे पोलिस. आपण यातलं दोन्ही करतो. शिवाय जीव जात असताना हात त्या माणसाच्या छातीवर असतात ते आपले.

नर्सिंगमध्ये या गोष्टीचा बोलबाला त्याच्या बराच आधी सुरू झाला. १९९२ साली कार्ला जॉइन्सन यांनी एका नर्सिंग मासिकात इमर्जन्सीतल्या नर्सेसबद्दल लिहिताना 'कम्पॅशन फटीग' हा शब्द वापरला. करुणाच थकून जाते, असा त्याचा अर्थ. १९९५ मध्ये चार्ल्स फिग्ली यांनी 'सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस' ही कल्पना नीट मांडली. मराठीत याला दुय्यम आघाताचा ताण म्हणतात. 'दुय्यम' हा शब्द मला पटत नाही. आघात दुसऱ्याकडून आपल्याकडे आला एवढंच त्यातून कळायला हवं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की त्रासच दुय्यम आहे. मी सिस्टरांशी बोलताना 'उतरलेला आघात' म्हणते. वरच्या घागरीतलं पाणी खालच्या घागरीत उतरतं, तसा तो उतरतो.

देवासला जाऊन फरक पडला नाही, याने तू घाबरलीस. मला मात्र त्यातूनच निदानाची दिशा मिळाली. बर्नआउट वेगळा. कामाचा बोजा, अपुरा स्टाफ, पाठोपाठच्या नाइट, वरिष्ठांची बोलणी, यातून माणूस महिन्यामहिन्याने झिजत जातो आणि रजा मिळाली की थोडा तरी सावरतो. उतरलेला आघात एका ट्रॉलीतूनही येऊ शकतो, आणि रजेवर तो आपल्याबरोबर गाडीत बसून येतो. दोन्ही एकत्र असू शकतात, बहुधा असतातच. पण औषध वेगळं असल्यामुळे आधी वेगळे करून बघावे लागतात.

ब्रायन ब्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली यासाठी १७ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. गेल्या सात दिवसांत काय काय झालं ते विचारतात आणि प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात. प्रश्न तीन गटांत आहेत. नको असताना आठवण आत घुसणं, टाळणं आणि सतत ताठ, सावध राहणं. आता तुझंच लिहिणं बघ. व्हॅनमागे जाणं हा तिसरा गट, खेकसणं आणि झोप उडणं हाही तिसराच. मूल आलं की दुसरीला पुढे करणं हा दुसरा. पहिल्या गटाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण रात्री डोळे मिटल्यावर काय दिसतं, ते मी न विचारताही सांगू शकेन. एकूण ३८ किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवावं, असं ब्राइड यांनी पुढे सुचवलं. मोजपट्टी म्हणजे निदान नव्हे, थर्मामीटर आहे.

आणि तू एकटी नाहीस हेही कळू दे. कॅलिफोर्नियातल्या तीन रुग्णालयांमधल्या ६७ इमर्जन्सी नर्सेसना याच मोजपट्टीवरून विचारलं होतं. तो अभ्यास २००९ साली छापून आला. आदल्या आठवड्यात निदान एक तरी लक्षण होतं अशा ८५ टक्के निघाल्या, आणि तिन्ही गटांचे निकष पूर्ण करणाऱ्या ३३ टक्के. चिडचिड निम्म्याहून जास्त जणींना होती. अभ्यास छोटा आहे आणि परक्या देशातला आहे, पण इथल्या सिस्टरा माझ्यासमोर बसून जे सांगतात ते याहून फार निराळं नसतं.

आता माझं सांगते. २००९ च्या आसपासची गोष्ट. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. कपडे कापून काढायचे होते. तू जाणतेस, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांकडे नोंद होणाऱ्या केसचे, कपडे असे कापतात की फाटलेल्या जागेवर कात्री चालू नये, कारण ते पुढे सीलबंद होऊन पोलिसांकडे जातात. मी शिवणीच्या कडेने कापत गेले. कापड जाड, ओलं. मुलगी गेली. मी वह्या भरल्या, सामानाच्या रजिस्टरमध्ये कानातल्यांची नोंद 'पीली धातु' अशी केली (आपण सोनं लिहीत नाही), वडिलांची सही घेतली, ड्यूटी संपवली, घरी जाऊन कणीक मळली. पाच आठवड्यांनी दिवाळीच्या खरेदीला सीतलामाता बाजारात गेले होते. दुकानदाराने ब्लाउजपीस मोजून कात्री लावली आणि तो कर्रकर्र आवाज आला. माझे हात गार पडले. दुकानात माणसं होती, दिवे होते, शेजारी नणंद होती, आणि मला फक्त ट्रॉली दिसत होती. मी पैसे न देताच बाहेर आले. घरच्यांना वाटलं बीपी वाढलंय. मलाही तेच वाटलं. हे काय होतं ते मला कळलं सहा वर्षांनी, डिप्लोमाच्या वर्गात.

म्हणून तुला सांगते, नाव लवकर कळलं तर वर्षं वाचतात.

आपल्याच विभागात हे इतकं का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. रक्त बघून होतं असं लोकांना वाटतं. रक्ताची सवय होते. सवय होत नाही ती ऐकण्याची. भाजलेल्या बाईचं उदाहरण घे. ती डॉक्टरांना सांगते, मग पोलिसांना सांगते, मग नायब तहसीलदार येतात आणि मृत्युपूर्व जबानी घेतात. एकच हकिगत तीन वेळा. डॉक्टर ती शुद्धीवर असल्याचं लिहून दुसऱ्या पेशंटकडे जातात, पोलिस बदलतात, तहसीलदार सही घेऊन निघतात. तिन्ही वेळा सलाइनजवळ उभी असते ती नर्स. तिला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे तिच्याकडून ते कुठे उतरतही नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या इंदूरच्या मराठी सिस्टरांची. दिवसभर कानावर पडतं ते हिंदीत नाहीतर माळवीत. "सिस्टर, बचा लो" हे डोक्यात घुमतं ते त्याच आवाजात. घरी आल्यावर आईशी, सासूशी बोलायचं मराठीत. कितीजणी मला म्हणाल्या आहेत, मराठीत सांगायला लागले की ते खोटं वाटतं, जमतच नाही. मी सांगते, ज्या भाषेत ऐकलंस त्याच भाषेत सांग. पहिल्या वेळी तरी.

लोकांचं लक्ष मोठ्या दुर्घटनांकडे जातं. ३० मार्च २०२३, रामनवमी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं छत खचलं आणि ३६ माणसं गेली. सगळं शहर हादरलं. अशा दिवशी निदान सगळ्यांना कळतं की दवाखान्यातल्या माणसांनी काहीतरी भयंकर पाहिलं आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी अशा मोठ्या दिवसामुळे येत नाहीत. एखाद्या साध्या मंगळवारी आलेल्या एकाच ट्रॉलीमुळे येतात. पेपरात दोन ओळी आलेल्या असतात, आणि त्या ट्रॉलीनंतर सात मिनिटांत पुढची आलेली असते. ती सात मिनिटं फार महत्त्वाची. चादर बदलायची, मॉनिटर पुसायचा, श्वास द्यायची अँब्यू बॅग धुवायला टाकायची आणि चेहरा सरळ करून पुढच्याला सामोरं जायचं. मनाने "हे घडलं आणि संपलं" अशी नोंद करायला जो वेळ लागतो, तोच आपल्याला मिळत नाही. न संपलेली गोष्ट आठवण होत नाही. ती आत्ताच घडत असल्यासारखी परत येते.

आता तू काय करायचं.

दोन महिने झाले आहेत, म्हणून वाट पाहायची मुदत संपली. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बऱ्याच जणींचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही झोप, घर आणि काम तिन्हीकडे त्रास होत असेल तर मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटायचंच. आघातावर केंद्रित असलेली वर्तन-विचार उपचारपद्धती आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर काम करण्याची पद्धत), या दोन्हींचा चांगला उपयोग होतो. गरज पडली तर सर्ट्रालिनसारखी औषधं देतात. उगाच आयुष्यभर चालणारं प्रकरण नाही हे. सुरुवात घरातून करायची असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, हिंदीत बोल नाहीतर मराठीत. बाणगंगेच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की घरात काय म्हणतील, ही भीती मला ठाऊक आहे. तुझ्या उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलाय. आपल्याच रुग्णालयात दाखवायचं नसेल तर दुसरीकडे दाखव, पण दाखव.

एक गोष्ट मात्र करू नकोस, आणि हे मी हात जोडून सांगते. झोपेसाठी अल्प्राझोलॅम घेऊ नकोस. आपल्या हाताशी असतं, डोस आपल्याला पाठ असतो, मैत्रीण म्हणते अर्धी घे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणासाठी किंवा झोपेसाठी या जातीची औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगून ठेवलंय. नंतरही या त्रासाच्या मुळाला ती हात लावत नाहीत, आणि सवय लागते. आत्तापर्यंत तीन चांगल्या सिस्टरा मी अशा अडकलेल्या पाहिल्या. आधीच घेत असशील तर एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी कर.

तज्ज्ञाकडे जाईपर्यंत एक साधं तंत्र करता येईल. मला त्याचा फार फायदा झाला. आठवण येते ती कशाच्या तरी सारखेपणावरून येते. कापडाचा आवाज, व्हॅनचा पिवळा रंग, मुलाची उंची. मन सारखेपणाच पकडतं. आपण मुद्दाम फरक शोधायचे. मी पुन्हा त्याच बाजारात गेले, नणंदेला सांगून गेले. कात्री चालली तेव्हा मनातल्या मनात म्हणत होते: हे कापड कोरं आहे, ते ओलं होतं. इथे खळीचा वास आहे, तिथे स्पिरिटचा होता. कात्री त्याच्या हातात आहे, माझ्या नाही. आज गुरुवार आहे. पहिल्यांदा घाम फुटला. चौथ्यांदा मी भाव केला. तू मुलाकडे बघून असे फरक मोठ्याने बोल. याचं नाव वेगळं, दप्तर वेगळं, हा आत्ता बुटाची लेस बांधत नाही म्हणून मी ओरडतेय. आठवण थांबवायला जाऊ नकोस, थांबवली की ती जोरात येते. तिला फक्त तारीख चिकटव.

व्हॅनमागे जाणं एकदम बंद करू नकोस, जमणारही नाही. पण ते चालू राहिलं तर मन म्हणत राहील की तू मागे होतीस म्हणूनच तो पोचला. या आठवड्यात शाळेच्या फाटकाऐवजी अलीकडच्या चौकापर्यंत जा. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत. मग घराच्या दारातून हात हलव. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस जीव खालीवर होईल. होऊ दे, तो उतरतो.

घरी सांगायचं, पण चित्र न दाखवता. नवऱ्याला आधी विचार, "आज जड गेलंय, दहा मिनिटं ऐकशील?" आणि मग तुला काय झालं ते सांग. पेशंटला काय झालं ते नको. जखमेचं वर्णन केलंस तर घागर त्याच्यात उतरेल, आणि तो पुन्हा "नोकरी सोड" म्हणेल, कारण त्याला तेवढाच उपाय सुचतो. सासूबाईंना म्हणावं, मनावर घेऊ नकोस असं म्हणण्याऐवजी नाइटहून आल्यावर चार तास दाराची बेल वाजू देऊ नका. त्यांना नक्की जमेल, आणि त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान मिळेल.

तुझ्या इन्चार्ज सिस्टरांनी हे वाचलं तर बरं, कारण पुढचं त्यांच्यासाठी आहे. मृत्यू घोषित झाला की सगळ्यांनी एक मिनिट हात थांबवून उभं राहायचं. कुणीतरी एवढंच म्हणायचं की हा कुणाचा तरी मुलगा होता आणि आपण सगळं केलं. व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने ही रीत सुरू केली आणि ती खूप ठिकाणी पसरली. पैसा लागत नाही, खोली लागत नाही. मग ड्यूटी संपण्याआधी दहा मिनिटं, फक्त काय झालं त्याची उजळणी. ट्रॉली किती वाजता आली, कोणी काय केलं, काय कमी पडलं. कुणाला रडायला लावायचं नाही, "आता प्रत्येकीने भावना सांगा" असं तर मुळीच नाही. जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली मांडलेली डिब्रिफिंगची बैठक, म्हणजे आघातानंतर सगळ्यांना बसवून घडलेलं आणि मनातलं बोलायला लावणं, एके काळी सगळीकडे गेली, बऱ्याच ठिकाणी सक्तीचीही झाली. पण एकाच बैठकीच्या डिब्रिफिंगवरचे अभ्यास कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २००२ साली एकत्र तपासले, तेव्हा त्याने पुढचा त्रास टळतो असं दिसलं नाही, काही ठिकाणी उलट वाढलेला दिसला. ते अभ्यास मुख्यतः अपघातग्रस्तांवरचे होते, नर्सेसवरचे नव्हते. तरी सक्ती नको, हे माझं मत त्यावरून आणि अनुभवावरूनही पक्कं झालंय.

आणि ड्यूटी लिस्ट. लहान मुलाचा मृत्यू जिने हाताळला तिला लगेचच्या आठवड्यात पुन्हा तीच टेबलं देऊ नयेत. मृतदेह आवरायला एकटीला पाठवू नये, दोघी जाव्यात, त्यात विद्यार्थिनी असेल तर तिचा हात कुणीतरी धरावा. मी जिथे होते तिथे हे नव्हतं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाची एक पोरगी अशी एकटी गेली आणि परत आलीच नाही, कोर्स सोडला. तिला थांबवायला मी दहा पावलं चालले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यात चपळ, कधीच न रडणारी सिस्टर आहे ना, तिच्याकडेही लक्ष ठेवा. सुन्न होणं हेही लक्षणच आहे, आणि ते कौतुकाखाली झाकलं जातं.

शेवटचं, नोकरी सोडण्याबद्दल. आत्ता ठरवू नकोस, ताप असताना जमिनीचा व्यवहार करत नाहीत. तीन-चार महिने उपचार घे, मग ठरव. तोवर एक काम कर. कॅज्युअल्टीतल्या नर्सला गोष्टींचे शेवट कळतात ते फक्त वाईट. जो मरतो तो आपल्यासमोर मरतो. जो वाचतो त्याची ट्रॉली लिफ्टने वर जाते, बरा होतो वॉर्डात, पेढे वाटतो तिथल्या सिस्टरांना. आपल्या डोक्यातला हिशोब त्यामुळे कायम चुकीचा राहतो. तुझ्या रजिस्टरमधून गेल्या पंधरवड्यातली अशी पाच नावं काढ, जी तुझ्या हातून जिवंत वर गेली. ड्यूटी संपली की एप्रन काढून वर जा, बेड नंबर विचार, दोन मिनिटं उभी राहा. त्यांनी तुला ओळखलं नाही तरी चालेल. पहिल्या खेपेला लहान मुलांच्या वॉर्डात जाऊ नकोस, पुरुषांच्या ऑर्थोपेडिकपासून सुरुवात कर. आणि काय दिसलं ते मला लिही.